पाव भाजणारीचा फोटो

केटा
८ फेब्रुवारी १९७६

सिस्टरबाई लारिबा,

तुझा फोटो मिळाला. पाकीट एका कडेला फाटलं होतं, पण आत पुठ्ठा होता म्हणून प्रिंट वाचली. कुमासीच्या प्रथमोपचार शिबिरात तू आम्हा मास्तर मंडळींना पट्ट्या बांधायला शिकवलंस आणि मी तुला पुठ्ठा घालायला शिकवलं. कोणाचं शिक्षण जास्त उपयोगी पडलं ते दिसतंच आहे.

आता टीका. आपलं ठरलेलं आहे, 'छान' आणि 'बरा आहे' हे दोन शब्द वर्ज्य.

आंब्याखाली बाळांचं वजन चाललंय. काटा मधोमध, बाळ मधोमध, झाडही मधोमध. हा फोटो आहे की सरकारी शिक्का? अकरा आया रांगेत अशा ताठ उभ्या की पोलिसांनी ओळखपरेडला बोलावल्यासारख्या. तू 'थांबा, फोटो काढते!' म्हणून ओरडली असणार. ओरडत जाऊ नकोस. उजव्या टोकाला एक बाई बाळाची टाच दातांत धरून हसतेय, तिला तू कडेला अर्धी कापलीस. खरा फोटो तीच होती.

सोबत माझा. आमच्या घरातली समुद्राकडची खोली. पाठमोरी बसलीय ती माझी आत्या, आब्ला. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. अंगणातल्या भट्टीत पाव भाजते, अर्धं केटा तिचा पाव खातं. कॅमेऱ्याकडे तोंड करायला मात्र तयार नाही. 'मोठा फोटो मेलेल्या माणसाचा लावतात, माझा कशाला?' म्हणते. असो. मी हा काढलाय तो खिडकीतल्या उजेडासाठी. हारमाटान वाऱ्याची धूळ हवेत असली की उजेड कसा दुधासारखा होतो बघ. शाळेच्या कोठारात दार लावून धुतलाय, कागदाचा शेवटून तिसरा ताव.

दयामाया दाखवू नकोस.

सेनानू डोग्बे


बोल्गाटांगा
२ मार्च १९७६

मास्तर,

तुमचं पत्र वाचून एक दिवस जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या टाच चावणाऱ्या बाईला शोधायला निघाले. ती लाजून घरात पळाली. म्हणजे तुमच्यामुळे माझा एक फोटो वाईट ठरला आणि दुसरा मिळालाच नाही.

आता तुमची पाळी.

जास्त उजेडाने खिडकी जळून गेलीय. तुम्ही उजेड उजेड म्हणता, मला नुसता पांढरा चौकोन दिसतो. बाहेर काय आहे? वाळू? तलाव? एखादं नारळाचं झाड त्या चौकोनात आलं असतं तर नजरेला टेकायला काहीतरी मिळालं असतं. दोन पावलं डावीकडे सरकायला काय झालं होतं?

आणि खोलीत किती ते सामान! भिंतीवर घड्याळ, खाली कॅलेंडर, कोपऱ्यात शिवणयंत्र, फळीवर इनॅमलच्या पराती. भिंग लावून मोजल्या, सात आहेत. आत्या त्यात हरवून गेल्यात. एवढी छान पाठ (वर्ज्य शब्द वापरला, दंड म्हणून मी कोलांटी मारते) आणि तिच्या डोक्यातून घड्याळाचा लंबक उगवलाय. आधी सामान हलवा, मग फोटो काढा.

माझा या वेळचा फोटो आमच्या गावचा. बायका भिंत सारवतायत. इथे पावसात भिंती ढासळतात आणि कोरड्या दिवसांत बायका त्या पुन्हा उभ्या करतात. यात मी कोणावर ओरडलेले नाही.

लारिबा आयाम्गा


केटा
२८ मार्च १९७६

लारिबा,

भिंतीच्या फोटोत मधल्या बाईचे पाय घोट्याशी तोडलेस. ओल्या मातीत रुतलेले पाय हीच तर गंमत होती. पण चारही हात वेगवेगळ्या उंचीवर आहेत आणि ते तू वाट बघून मिळवलंयस, हे मी कबूल करतो. त्यापुढे काही म्हणणार नाही, तुझ्या डोक्यात हवा जाईल.

आता खिडकीबद्दल. बाहेर समुद्र आहे.

झाड होतं. एक नव्हे, रांग होती. त्यांच्या पलीकडे चर्चचा रस्ता, रस्त्यापलीकडे ओळीने सात घरं, मग वाळू, मग समुद्र. मी लहान असताना समुद्रावर जायचं म्हणजे भाकरी बांधून घ्यावी इतकं दूर वाटायचं. आता भरतीचं पाणी भट्टीच्या पायाशी येतं. तुझ्या पांढऱ्या चौकोनात दुसरं काही उरलेलंच नाही, मग मी डावीकडे सरकून तरी काय करू?

शेजारी निघून गेले. समुद्रापासून दूर क्पांडूच्या शाळेत माझी बदली होत होती, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा नाही म्हणालो. आत्या हलणार नाही. या घरात ती चाळीस वर्षं आहे. म्हाताऱ्या माणसाला मुळासकट कसं उपटायचं? तेव्हा ती आहे तोवर मी आहे, आणि दर रविवारी खिडकीशी कॅमेरा लावतो. निदान घर कागदावर राहील.

सामान हलवा म्हणतेस. आत्याच्या पराती हलवायची हिंमत या केटात कोणाची नाही.

गेल्या रविवारचाच फोटो पाठवतोय. तीच खोली, तीच वेळ. या वेळी खिडकीसाठी उजेड बेताचा घेतलाय, लाटेची रेघ दिसेल.

सेनानू


बोल्गाटांगा
२५ एप्रिल १९७६

मास्तर,

समुद्राचं वाचून मी ओशाळले. नारळाचं झाड हवं होतं म्हणे मला! माफ करा.

पण टीका थांबणार नाही, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कीव करतेय. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले. दुसरा कितीतरी पुढे गेलाय. लाटेची रेघ दिसते, आणि मुख्य म्हणजे खोलीला श्वास घ्यायला जागा झाली. हिंमत नाही म्हणता आणि हळूच सगळं हलवलंत की! घड्याळ काढलंत, शिवणयंत्र नाही, कॅलेंडर नाही, सातांतल्या दोनच पराती ठेवल्यात. आता आत्या, स्टूल आणि खिडकी. भिंतीवर घड्याळाच्या जागी फिकट गोल डाग राहिलाय, तो तर कुठल्याही घड्याळापेक्षा बोलका आहे. आत्यांनी ओरडा दिला की नाही? की त्या बाजारात गेल्यावर उद्योग केलात?

एकच खोट. आत्या मागच्या वेळेपेक्षा दाराच्या जवळ बसल्यात. त्यामुळे उजवीकडे तोल जातो. स्टूल पुन्हा आत घ्या.

माझ्या कॅमेऱ्यात धूळ गेलीय, म्हणून या वेळी फोटो नाही. बाळाच्या दुपट्यात गुंडाळून ठेवते तरी धूळ शिरतेच.

लारिबा


केटा
१६ मे १९७६

लारिबा,

मी काहीही हलवलेलं नाही.

तुझं पत्र शाळेत मिळालं. वाचलं आणि मधल्या सुट्टीतच घरी गेलो. खोलीत उभा राहिलो आणि पहिल्यांदा खोली बघितली. तू लिहिलंस तसंच. घड्याळ नाही, यंत्र नाही. पलंगाखालची लाकडी पेटीसुद्धा नाही. मी त्या खोलीत रोज जेवतो, बाई!

आत्या अंगणात पीठ मळत होती.

"आत्या, घड्याळ कुठाय?"

"आन्लोगाला."

"आणि शिवणयंत्र?"

"तेही तिकडेच. माझी मैत्रीण आहे ना, कांद्याचे वाफे आहेत तिचे, तिच्याकडे."

"कधी नेलंस हे सगळं?"

"तू शाळेत असताना. दर चौथ्या दिवशी बाजार भरतो, लॉरी जातेच. दर बाजाराला एक वस्तू. म्हटलं, एवढा मोठा कॅमेरा लावून बसतो, एक दिवस दिसेल त्याला."

"मग तू इथे बसून का राहिलीस?"

तिने पिठाचे हात झटकले. "तू का बसून राहिलास?"

"तुझ्यासाठी! दोन बदल्या नाकारल्या तुझ्यासाठी!"

"मी सांगितलं होतं नाकारायला? अरे, दर रविवारी गेलेल्या बापाच्या घराचा कोपरा न् कोपरा टिपत बसतोस. मला वाटलं, पोराचा जीव या भिंतीत अडकलाय. घर तुझ्या बापाने बांधलं, मी त्याची बहीण. मी कोणत्या तोंडाने 'सोड' म्हणू? ठरवलं, हा म्हणेल तेव्हा म्हणेल, आपलं सामान तयार असावं."

"आणि मी साऱ्या गावाला सांगत फिरलो की आत्या हट्टी आहे."

"मी सांगत होते की भाचा खुळा आहे. गावाला दोन्ही पटलंय."

मग ती पुन्हा मळायला लागली. मी भट्टीशी बसलो. शाळेची घंटा झाली तरी उठलो नाही.

तुला खरं सांगतो, कारण समोर असतीस तर सांगू शकलो नसतो. ती म्हणते ते खरं आहे. निघायचं मलाच नव्हतं. आत्याचं नाव पुढे केलं की मला काही ठरवावं लागत नव्हतं. आणि तू म्हणतेस ते स्टूल, दाराजवळ सरकलेलं. बसायला तिने ती जागा घेतली, कारण तिथून रात्री-अपरात्री पाणी आलं तर आधी मला हाक मारता येते. हे तिने विचारल्यावर सांगितलं, अगदी सहज, मीठ मागावं तसं.

फोटो पाठवत नाही. कॅमेरा उचलायची लाज वाटते.

सेनानू


बोल्गाटांगा
६ जून १९७६

मास्तर,

मी तुम्हाला चिडवायला बसले होते आणि घर हलवून बसले. 

माझ्या मनात काय होतं तेही सांगते. आमच्याकडे भिंत पडते, आम्ही पुन्हा बांधतो. म्हणून तुमचं मागचं पत्र वाचून मला आधी वाटलं होतं, भिंतीचं एवढं काय? पण आमची माती तिथेच पडलेली असते, तिच्यातच पाणी घालून पुन्हा मळतो. तुमची माती समुद्र घेऊन जातो. हा फरक मला आता कळला.

लाज कसली? दवाखान्यात रोज बघते. आई बाळाला रोज कडेवर घेते आणि ते बारीक होतंय हे तिला दिसत नाही, शेजारीण सांगते. जवळच्याला नाही दिसत. मी फक्त शेजारीण झाले.

आता नर्स म्हणून सांगते, ऐकायचं. या महिन्यात लाटा चढतात असं तुम्हीच कुमासीला म्हणाला होतात. निघा. आणि शेवटचा एक फोटो काढायला म्हणून मागे थांबू नका. मी तुम्हाला चार दिवसच भेटलेय, पण ओळखते.

उत्तर लगेच लिहा.

लारिबा


बोल्गाटांगा
२५ जुलै १९७६

मास्तर,

दीड महिना झाला. पत्र नाही. गुरुवारी दवाखान्याच्या रेडिओवर केटाचं नाव ऐकलं, पण आवाज खरखरत होता, पुढचं कळलं नाही. मी इंजेक्शन घ्यायला आलेल्या माणसाला तसाच बाही वर करून बसवून ठेवला.

फोटो नको, टीका नको. एक ओळ पाठवा.

लारिबा


आन्लोगा
२२ ऑगस्ट १९७६

लारिबा,

तुझी दोन्ही पत्रं लाटांच्या गोंधळात शाळेपर्यंत आलीच नाहीत, केटाच्या पोस्टात पडून होती, काल हाती आली. आम्ही सुखरूप आहोत. त्या बाहीवाल्या माणसाची माझ्या वतीने माफी माग.

१९ जूनला निघालो. मी म्हणालो, "आत्या, चल." ती म्हणाली, "थांब, भट्टीतला घाणा निघू दे." पाव निघाले, गार झाले, वाटून झाले, मग लॉरीत बसली. मागे वळून बघितलं ते फक्त मी. इथे कांद्याच्या वाफ्यांच्या कडेला दोन खोल्या आहेत. मी सायकलने शाळेत जातो, पाय मोडतात.

आता कबुली. तू ओळखलंस तसंच झालं. मी दर रविवारी कॅमेरा घेऊन केटाला जायचो आणि मोकळ्या घरासमोर उभा राहायचो. ८ ऑगस्टला आत्या म्हणाली, "एकटा जाऊ नकोस, मी येते." सकाळची वेळ. भट्टी आधीच गेली होती. समुद्राकडची भिंत पुढे झुकलेली, खिडकी तिच्यात तशीच. निघून गेलेल्या शेजाऱ्यांपैकी दहा-पंधरा जण बघायला जमले होते. मी कॅमेरा तयार ठेवला. एक फोटो घेतला, भिंत झुकलेली, मागे लाट उंच. नीट मिळाला, मला बटण दाबतानाच कळलं.

पुढची लाट आली आणि भिंतीतून कडाडल्यासारखा आवाज निघाला. आणि लारिबा, माझ्या शेजारी आत्या हसायला लागली. मोठ्याने.

"चाळीस वर्षं!" ती म्हणाली. "चाळीस वर्षं तुझ्या बापाला सांगत होते, तो गेल्यावरही, ती खिडकी चुकीच्या बाजूला बसवलीस, सगळी वाळू माझ्या पिठात येते, काढ ती. शेवटी कोणीतरी काढली!"

मी वळलो. भिंत पडताना मी बघितलीच नाही, मी तिच्याकडे बघत होतो. कॅमेरा हातात होता, बोट आपोआप चाललं. तिने तोंड फिरवलं नाही. हसताना तिचे डोळे वाहत होते आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं. मग शेजारणींनी तिला मध्ये घेतलं, आणि पुढे मला काही दिसलं नाही.

दोन्ही प्रिंट पाठवतोय. डिसेंबरात अक्र्याला हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. माणशी एकच फोटो घेतात. कोणता पाठवू?

सेनानू


बोल्गाटांगा
१२ सप्टेंबर १९७६

मास्तर,

तुमचं अक्षर पाकिटावर बघितलं आणि व्हरांड्यातच खाली बसले. नंतर उघडलं.

टीका.

भिंतीच्या फोटोत मला एकही चूक सापडली नाही, दोन दिवस शोधली. लाट तीक्ष्ण, भिंत तीक्ष्ण, उजेड बेताचा. वर्तमानपत्रवाले पहिल्या पानावर छापतील, खाली 'केटा येथील पडझड' लिहितील, आणि दुसऱ्या दिवशी त्यात मासे गुंडाळतील. तिथे कोणीही उभा राहून तो काढू शकला असता.

आत्यांच्या फोटोत चुकाच चुका. फोकस डोळ्यांवर नाही, कानावर आहे. हात हलला. डावीकडे कोणाचं तरी कोपर घुसलंय. डोक्यावरची जागा तर इतकी कमी की मी असा काढला असता तर तुम्ही दोन पानं लिहिली असती. तरी ती प्रिंट मी औषधांच्या कपाटाला टेकवून ठेवली. दिवसभर बायका विचारत राहिल्या, "ही कोणाला हसतेय?" एक म्हणाली, "हसत नाहीये, नीट बघ." दुसरी म्हणाली, "तूच नीट बघ." दोघींचं भांडण सोडवायला मला रांग थांबवावी लागली.

मी हाच पाठवीन. पण मला विचारून काय उपयोग? चेहरा त्यांचा आहे. तुम्ही त्यांना फोटो दाखवलात का? पत्रात तसं कुठे लिहिलेलं नाही.

लारिबा


आन्लोगा
३ ऑक्टोबर १९७६

लारिबा,

नव्हता दाखवला. घाबरलो होतो. तुझं पत्र आल्यावर दाखवला.

तिने तो हातभर लांब धरला, मग दाराशी उजेडात नेला. 

"दात एवढे गेलेत माझे?"

"आत्या, रागावलीस?"

"विचारून काढला असतास तर मी नीट बसले असते आणि हा असा आला नसता. म्हणून नाही रागावले. कुठे लावणार म्हणालास?"

"अक्र्याला. लोक येतात, बघतात."

"आणि खाली काय लिहिणार?"

मी चिठ्ठी तयार केलीच होती, वाचून दाखवली: 'केटाची एक वृद्धा, घर गमावताना.'

"वृद्धा कोण?" तिने विचारलं.

मी चिठ्ठीतला तो शब्द खोडला.

"आणि एक म्हणजे? मला नाव नाही? अक्र्याचे लोक ते वाचणार, च्-च् करणार आणि पुढच्या फोटोकडे जाणार. घर गेलं ते मला माहीत आहे, त्यांना कशाला सांगतोस? लिही, मी सांगते तसं."

मी लिहिलं. 'आब्ला, पाव भाजणारी. सध्या आन्लोगा.' तिने मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आता पाठव."

नवी भट्टी तिने स्वतः लिंपलीय. पहिल्या घाण्याचा तळ करपला, आन्लोगाच्या बायकांनी नाकं मुरडली, दुसरा घाणा दुपारच्या आत संपला. मी क्पांडूला कळवलंय की बदली अजून असेल तर आता चालेल. आत्या म्हणाली, "तू जा. मी कशाला येऊ? माझं गिऱ्हाईक बसलंय." म्हणजे बघ, आता ती थांबलीय आणि मी निघालोय, आणि कोणी कोणाच्या नावावर काही ढकललेलं नाही. जानेवारीत जाईन.

तुला एक निरोप आहे. "पराती मोजणाऱ्या त्या मुलीला सांग, तिने पाठवलेल्यांत तिचा स्वतःचा एकही फोटो नाही. ती दिसते कशी?" मला नीट सांगता आलं नाही. उंच आहे, मोठ्याने बोलते, एवढंच म्हणालो.

सेनानू


अक्रा
५ डिसेंबर १९७६

मास्तर,

सूचना न देता आले आहे. इथल्या इस्पितळात आठवडाभराचं प्रशिक्षण होतं, ते काल संपलं. आज दुपारी प्रदर्शनाला गेले.

तुमचा फोटो दाराजवळ लावलाय, जागा काही खास नाही, उजेड तिरका पडतो. बक्षीस एका सूर्यास्ताला मिळालं. मी त्याच्यासमोर उभी राहून मनातल्या मनात तीन चुका काढल्या आणि परत आपल्या फोटोकडे आले. तिथेच एका बाकावर तासभर बसून होते.

लोक येत होते. तुम्हाला वाटेल तसं कोणी फार बोललं नाही. एक जोडपं थांबलं, चिठ्ठी वाचली, नवरा म्हणाला, "पाव भाजणारी," आणि दोघंही का कोण जाणे हसले, फोटोतल्यासारखे. एक कॉलेजातला मुलगा हात हललाय म्हणाला. बरोबरच म्हणाला.

मग एक धिप्पाड बाई आली, डोक्याला निळं फडकं, हातात बाजाराची टोपली. तिने फोटो पाहिला, वाकून चिठ्ठी वाचली, पुन्हा फोटो पाहिला. मी जवळ बसलेली दिसले तशी मला विचारलं, "तू ओळखतेस का हिला?"

मी म्हणाले, "हो." तोंडातून गेलंच.

"आन्लोगाला बसते कुठे? बाजारात की घरी? माझी बहीण तिकडे दिलीय, तिला सांगते. गोड पाव असतो की साधा?"

मास्तर, एवढी पत्रं, एवढी भिंगं, आणि आत्यांचा पाव गोड की साधा हे मला माहीत नाही. बाई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी खोटं बोलतेय.

माझी चार दिवस सुट्टी शिल्लक आहे. उद्या सकाळी आन्लोगाची लॉरी मिळते म्हणतात. कॅमेरा सोबत नाही, बोल्गाला ठेवून आलेय. हे पत्र आत्ता पेटीत टाकते, पण मला वाटतं मी त्याच्या आधी पोचेन.

लारिबा